डब्यावरचा नंबर

पुरंदर तालुक्यात आमची सीताफळाची बाग आहे. 2021च्या हंगामात आम्ही पहिल्यांदाच माल आडत्याकडे न घालता पुण्यातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी क्रेट मांडले. हमाली, तोलाई कापून पट्टीत काय उरतं, ते वर्षानुवर्षं बघितलं होतं. 2016मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, हे ठाऊक असल्याने मन निर्धास्त होतं.

सीताफळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. उरलेलं फळ टाकवत नाही. सासूबाई आणि मी रात्री बसून बिया काढायचो, गर डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचो. पुढच्या रविवारी ते डबेही नेले. एका काकूंनी डबा उलटसुलट करून पाहिला.

"ताई, यावर नंबर दिसत नाही. नातवाला द्यायचंय, म्हणून विचारते हो."

त्यांनी फळं घेतली, डबा परत ठेवला. मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं.

तालुक्याला ऑनलाइन कामं करणाऱ्या एकाने हा अन्नसुरक्षा नोंदणीचा नंबर काढून द्यायचे दीड हजार सांगितले. शेवटी कृषी सहायकांनी नीट उलगडून सांगितलं. शेतकऱ्याने आपल्या रानातलं फळ जसंच्या तसं विकलं, तर अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी लागत नाही. गर काढला की आपण अन्नपदार्थ तयार करणारे ठरतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे उलाढाल वर्षाला 12 लाखांच्या आत असल्याने आम्हाला मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरेशी होती. शुल्क वर्षाला 100 रुपये! पुतणीने घरी बसूनच अर्ज भरला.

सोबतचे नियम मी सासूबाईंना वाचून दाखवले. पाणी पिण्याचंच वापरा, भांडी झाकून ठेवा, आजारी माणसाने हात लावू नये. त्या म्हणाल्या, "लोणचं घालताना मी तुला वेगळं काय सांगते?"

आता डब्यावर वजन, तारीख आणि 14 आकडी नोंदणी क्रमांक असतो. पहिलं लेबल सासूबाईंनी स्वतःच्या हाताने चिकटवलं, कडा अंगठ्याने दाबून दाबून.

आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी मसाला, पापड चोरून विकल्यासारख्या विकतात. भीती नियमाची नाही, तो कुणी समजावून न सांगितल्याची आहे. म्हणून गटाच्या वहीत पहिल्याच पानावर मी लिहून ठेवलंय: फळाला नोंदणी नको, गराला हवी, शुल्क 100 रुपये. अर्ज भरायला कुणीही माझ्या घरी यावं.