मेंढपाळाची कुंची

आगमनकाळ सुरू झाला की भाईंदरच्या केबिन रोडवरील काही घरांतून शिवणयंत्रांचा आवाज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. नाताळनाट्यातील मेंढपाळांची वस्त्रे तयार होत असतात. गेल्या वर्षी हे काम अंगावर घेतलेल्या एका भगिनीने मला विचारले, "फादर, मेंढपाळांना टोपीचे झगे शिवायचे, की नुसत्या शाली देऊ? एका रात्रीचा तर प्रश्न आहे." तिचे म्हणणे व्यवहाराचे होते, पण 'एका रात्रीचा' हा शब्द माझ्या मनातून जाईना.

हे वस्त्र आपल्याला परके नाही. तान्ह्या बाळाचे डोके आणि पाठ एकत्र झाकणारी कुंची घरोघरी असे. आपला धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो. बेथलेहेम तर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटर उंचावर. तेथील हिवाळी रात्र भाईंदरच्या रात्रीपेक्षा कितीतरी बोचरी. पांघरूण हेच तेथील गरिबाचे अंथरूण. म्हणूनच निर्गमाच्या २२ व्या अध्यायात आज्ञा आहे की, गरिबाचे वस्त्र गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे.

मग आम्ही ठरवले, नाटकानंतरही कोणाला तरी ऊब देईल असेच वस्त्र शिवायचे. नाटकात मेणबत्त्या असतात आणि कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. म्हणून लोकरी कांबळी आणली. ६० इंच रुंद, ९० इंच लांब. कांबळ्याच्या लांब काठाच्या मध्यावर दोरी धरून, दुसऱ्या टोकाला खडू बांधून साडेछत्तीस इंचांचे अर्धवर्तुळ आखले. त्याच मध्यावर साडेचार इंचांचे लहान अर्धवर्तुळ कापले की १४ इंचांचा गळा होतो. दहा वर्षांच्या मुलाला हा झगा गुडघ्याखाली पोहोचतो. उरलेल्या पट्टीतून टोपीचे दोन भाग निघाले. टोपीचा घेर गळ्यापेक्षा मोठा, म्हणून चुण्या घालून ती जोडली. सगळा भार तेथेच येतो. तेथे दुहेरी शिवण हवी. गळ्याशी नाडी नको, बटण बरे. नाडी अडकली तर मुलाला फास बसायचा.

मिरवणुकीत आम्ही धर्मगुरू जो लांब झगा घालतो, तोही मूळचा पावसाळी. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच तसा आहे. पाठीवरचा भरजरी तुकडा म्हणजे जुन्या टोपीचा अवशेष. आता त्याने पाऊस अडत नाही. उलट चौथ्या शतकात आमियाँ नगराच्या वेशीपाशी संत मार्टिनने आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला दिला. उरलेला अर्धा फ्रँक राजांनी जपून ठेवला आणि त्या वस्त्राच्या नावावरूनच 'चॅपेल' हा शब्द आला.

नाताळानंतर झगे पेटीत ठेवावेत की द्यावेत, यावर बरीच चर्चा झाली. "पुढच्या वर्षी पुन्हा शिवायचे का?" हा प्रश्न रास्त होता, बोटांना सुया त्या भगिनींच्याच टोचल्या होत्या. शेवटी त्यांनीच बांधकामावर उघड्यावर निजणाऱ्या मजुरांच्या मुलांना ते नेऊन दिले. यंदा पुन्हा कांबळी आणावी लागतील. ख्रिस्तजन्माची वार्ता मेंढपाळांना मिळाली ती उघड्या रानात. उघड्यावर निजणारे आजही आपल्या रस्त्यावर आहेत.