दुकान चालू आहे

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले, प्रवचनाची मांडणी कशी करावी हेही शिकवले. परंतु एका विधवेच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानासाठी संकेतस्थळ कसे उभारावे, हे कोणी शिकवले नव्हते. पन्नाशी ओलांडल्यावर ही विद्या मला उचगावात एका बी.कॉम.च्या मुलीकडून शिकावी लागली. पूर्वग्रह आड येत असले की शिकणे जड जाते; माझे तसेच झाले.

कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटलेले हे गाव. महामार्गाने एका अंगाला शिरोलीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगावचे. पलीकडे गांधीनगरची कापडपेठ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, तिथे वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. फाळणीनंतर त्या जागी सिंधी कुटुंबे आली आणि त्यांनी पेठ उभी केली. अशा या वर्दळीच्या टापूत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे छोटे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरील व नदीकाठच्या जळालेल्या मोटारी तिथे भरून मिळतात. 'मोटर भरणे' हा आपल्याकडचा शब्द. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे भरणे.

२०२३ च्या पावसाळ्यात घरधनी अचानक गेले. अंत्यविधी मीच केला. पुढे काही महिन्यांनी मिस्सेनंतर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, गिऱ्हाईक येत न्हाई. लोकांस्नी वाटतंय, दुकान मिटलं." शटर रोज सकाळी नऊला उघडत होते, तरी दुकान मिटले होते, कारण लोकांच्या लेखी दुकान म्हणजे ते गृहस्थ. त्यांनी हयातीत नकाशाबरोबर फुकट मिळणारे एक पान करून घेतले होते. अशी फुकट पाने मार्च २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा तेही गेले. थोरल्या मुलीने ठरवले, आता आपले स्वतःचे पान करायचे.

मी आरंभी विरोध केला, हे कबूल केले पाहिजे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळ करून घेतले होते. त्याने पत्त्याचे नाव आमच्या नावाने न घेता स्वतःच्या नावाने घेतले. वर्ष संपले, नूतनीकरण कोणी केले नाही, आणि काही महिन्यांनी आमच्या चर्चच्या नावावर बोट ठेवले की जुगाराच्या जाहिराती उघडू लागल्या. एका आजोबांनी ते मला रविवारी दाखवले. त्या दिवसाची लाज अजून माझ्या मनात आहे. दोष त्याचा होता, तसा माझाही. मी कागद न वाचता पैसे दिले होते.

तेव्हा मुलीला मी पहिली अट घातली: नाव आईच्या नावावर, आईच्या ईमेलवर आणि आईच्या मोबाईलवर नोंदवायचे. संकेतस्थळात दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक पत्ता, जो वर्षाच्या भाड्याने मिळतो. दुसरी जागा, जिथे पान ठेवलेले असते. जागा बदलता येते. पत्ता गेला की सारे गेले. घर पाडून पुन्हा बांधता येते, पण सात-बारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर काय बांधणार? बाईंना हा दृष्टांत ताबडतोब पटला. सात-बाऱ्यावर त्यांचा एक जुना वाद आहे. तो इथे नको.

देवनागरीने आमची परीक्षा पाहिली. दरपत्रक पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याने जुन्या टंकात जुळवले होते. ते पानावर चिकटवताच अक्षरांचा चिवडा झाला. मग मुलीने सारे युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केले. मला फादर स्टीफन्स आठवले. आपल्या लिपीत पुस्तक छापावे ही त्यांची फार इच्छा. पण जोडाक्षरांसाठी सहाशेच्या आसपास ठसे पाडावे लागतील, हे पाहून बेत राहिला आणि 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला रोमन अक्षरांत छापले गेले. आज ठशांची अडचण उरलेली नाही, पण गंमत अशी की शेतकऱ्यांची मुले मोबाईलवर शोध घेतात तो रोमन अक्षरांतच! त्यामुळे आम्ही 'मोटर रिवाइंडिंग, कोल्हापूर' हे शब्द दोन्ही लिप्यांत घातले.

पत्ताही नीट लिहावा लागला. बेळगाव तालुक्यातही एक उचगाव आहे. नुसते 'उचगाव' लिहिले तर माणूस जळालेली मोटर गाडीत घालून शंभर-सव्वाशे किलोमीटर उलट्या दिशेला जायचा. म्हणून 'ता. करवीर, जि. कोल्हापूर' हे ठळक अक्षरांत.

खरा पेच मजकुराचा होता. मजकूर मी लिहून दिला, कारण भाषेचा मला अभिमान. 'कै. अमुक यांनी लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष, पंचवीस वर्षांची अविरत सेवा' अशी माझी वाक्ये. मुलीने ती वाचली आणि शांतपणे विचारले, "फादर, पंचवीस वर्षं कोणाची?"

मी म्हणालो, "तुझ्या बाबांची."

"बाबा फिटिंग करायचे. भाव ठरवायचे. मोटर उतरवून आणायचे. भरायची आईच."

मी बाईंकडे पाहिले. त्या खाली मान घालून स्टेटरच्या खाचांत कागद सरकवत होत्या. लग्न होऊन आल्यापासून दुकानातील प्रत्येक मोटर त्यांनी भरली होती, पडद्यामागच्या खोलीत बसून. जळालेली कॉइल तोडताना वेढे मोजायचे, तारेची जाडी पाहायची, वहीत लिहायचे, तितकेच वेढे नव्याने घालायचे, बांधायचे, वार्निश लावून वाळवायचे. वेढे चुकले की मोटर तापते आणि पुन्हा जळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या मोटारी पाण्याखाली गेल्या, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर दुकानापुढे मोटारींची रांग लागली, तेव्हा ही बाई रात्र रात्र जागून त्या भरत होती. त्या दिवसांत मदतीचे धान्य घेऊन मी दुकानात दोनदा गेलो होतो. घरधन्यांशी बोललो, त्यांच्या कष्टांचे कौतुक केले. पडद्याकडे पाहिले नाही.

वह्या मी मागवून पाहिल्या. सहा वह्या, पहिलीची पाने पिवळी पडलेली. हॉर्सपॉवर, खाचा, वेढे, तार. सारे अक्षर एका हाताचे.

तरी बाईंचे म्हणणे, नाव ह्यांचेच ठेवा. "ह्यांचं नाव काढलं तर मला घास गिळवायचा न्हाई." मुलगी हट्टाला पेटली. मला सवयीने वाटले, आईचे ऐकावे. मृताचा मान राहील, घरात शांतता राहील. पण जे खोटे आहे ते मी वेदीवरून सांगत नाही, मग पानावर का लिहावे? दोन संध्याकाळी वाद झाला. अखेर दुकानाचे नाव घरधन्यांचेच राहिले आणि त्याखाली एक ओळ आली: 'मोटारी भरणार: सौ.' इथे पुन्हा थांबलो. 'सौ.' की 'श्रीमती'? बाई म्हणाल्या, "काय बी नको. नुसतं नाव लिवा." तसे लिहिले.

छायाचित्रात चेहरा द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. हातांचे छायाचित्र घेतले. बोटांना वार्निशचा डाग, तारेचे कापल्याचे व्रण. फोनचा प्रश्न त्याहून नाजूक होता. बाईमाणसाचा नंबर जगजाहीर झाला की रात्री-अपरात्री नको ते फोन येतात, ही भीती खोटी नव्हती. म्हणून दुकानासाठी वेगळे सिम घेतले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, नंतर बंद. वेळ पानावर लिहिली. नंबरावर बोट ठेवताच फोन लागेल अशी सोय मुलीने केली. पान हलके ठेवले, कारण शेतात नेटवर्क कमी असते. दर मात्र 'पाच हॉर्सपॉवरपर्यंत अमुकपासून पुढे' असे लिहिले. मोटर उघडल्याशिवाय नेमका आकडा सांगणे म्हणजे फसवणूक, असे बाईंचे मत.

व्हॅटिकनचे संकेतस्थळ २५ डिसेंबर १९९५ रोजी सुरू झाले. त्याच्या उभारणीत सिस्टर ज्युडिथ झोबेलिन या अमेरिकन फ्रान्सिस्कन भगिनीचा मोठा वाटा होता, आणि तिथल्या तीन संगणकांना राफाएल, मिखाएल, गाब्रिएल या महादूतांची नावे दिली होती. हे मी त्या मुलीला सांगितले. तिच्या टेबलावर कार्लो अक्युतिसचे चित्र आहे, ज्याला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळाले. तोही असलीच पाने करीत असे. सिस्टर ज्युडिथचे नाव तिने ऐकले नव्हते. तिने ते आईला सांगितले. आई म्हणाली, "तिथंबी बाईच व्हय?"

पान सुरू झाल्यावर पहिला आठवडा कोरडा गेला. दुसऱ्या आठवड्यात हातकणंगले तालुक्यातून एक शेतकरी पाणबुडी मोटर घेऊन आला. दुकानात शिरून त्याने विचारले, "भरणाऱ्या बाई कुठायत?" मुलीने हे मला फोनवर सांगितले, मागे यंत्राचा आवाज चालू होता.

पडदा अजून आहे, पण तो आता बाजूला बांधलेला असतो. उजेड येतो म्हणून, असे बाई सांगतात. नूतनीकरणाची तारीख मुलीच्या मोबाईलवर आहे, दुकानाच्या भिंतीवर आहे आणि माझ्या मिस्सेच्या वहीतही आहे.