बिनकामाचा थकवा

कामानं दमणं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण काहीच न करता माणूस दमतो, हे मला भूकंपानंतर कळलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून किल्लारी झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती अन् वरचं मातीचं जड माळवद, त्यानंच माणसं गाडली. लातूर अन् तेव्हाचा उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणूस गेला. त्यात माझी आई अन् सहा वर्षांची लेक. लेक रात्री म्हणाली होती, आजीजवळ निजू का? मीच निज म्हणालो.

त्या दिवसांत मी थकलो नाही. हातानं दगड उपसले, सरणं रचली, पत्र्याच्या शेडात दिवस काढले. थकवा आला तो नव्या गावात घर मिळाल्यावर. कोळपणीचे दिवस होते. बैलाचं दावं सोडायला गेलो अन् तिथंच गव्हाणीवर बसून राहिलो. हातपाय भिजल्या पोत्यासारखे. बैल दमला तर रात्रभर रवंथ करून सकाळी उभा राहतो. मी दिवसभर पडून राहायचो अन् उठताना जास्तच दमलेला असायचो. आंघोळीचं पाणी तापून गार व्हायचं. भाकरीला चव नव्हती. रडू मात्र येत नव्हतं, म्हणून हे मनाचं दुखणं असेल असं मलाही वाटलं नाही.

बायको म्हणायची, "आवो, काय व्हायलंय तुमाला, सांगा तरी." काय सांगणार? पारावर लोक म्हणायचे, आयतं घर मिळालं, आता कशाला हलतोय हा. कुणी बाहेरचं म्हणून लिंबू उतरवलं. सलाईन झाल्या, ताकदीची इंजेक्शनं झाली.

शेवटी मेव्हण्यानं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. अंगात रक्त कमी असलं, साखर वाढली, थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच गळतो म्हणाले. तसलं काही निघालं नाही. मग विचारलं, "पहाटे कितीला जाग येते?"

"चारच्या आत. मग झोप नाही."

"अन् मनात काय येतं?"

तेव्हा 'मीच निज म्हणालो' हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. विहिरीकडं जायची भीती वाटते, हेही सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

डॉक्टर म्हणाले, "हा नैराश्याचा आजार आहे. कुणी रडतं, कुणी असं थकतं. तुम्ही आळशी नाहीत."

गोळ्या सुरू झाल्या. आठ दिवस काहीच फरक नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी पाणी गार व्हायच्या आत आंघोळ केली. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानंच सोडल्या अन् पुन्हा पडलो. मग मात्र डॉक्टर सांगतील तोवर घेतल्या.

लेकीचं दुःख गेलं नाही, जाणारही नाही. पण ते घेऊन मला औत हाकता येऊ लागलं.

आता १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. पण फोन लावायचंही त्राण नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून गल्लीतलं कुणी पोरगं आठ-पंधरा दिवस पडून दिसलं, की मी जाऊन त्याच्या बाजेवर बसतो. ऊठ म्हणत नाही. विचारतो, "बाबा, पहाटे कितीला जाग येते?"