वळणाची उचललेली कड

फॉर्म भरणं ही तशी क्षुल्लक गोष्ट! पण पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन अडखळलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अण्णा ट्रक चालवतात. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून. मी लिहिलं, 'नोकरी'.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रविवारी संध्याकाळी मी मोबाईलवर नेदरलँड्समधल्या झांडवूर्टची मोटारशर्यत पाहत होते. उत्तर समुद्राच्या काठी, वाळूच्या टेकड्यांतून गेलेला हा ४.२५९ किलोमीटरचा, १४ वळणांचा ट्रॅक १९४८ साली सुरू झाला. १९८५ नंतर इथली ग्रां प्री खंडित झाली, ती २०२१ मध्ये पुन्हा भरली. त्याआधी तिसऱ्या आणि शेवटच्या वळणाची बाहेरची कड चांगलीच उचलून घेतली. कल १८-१९ अंशांपर्यंत!

"आयला, गाड्या भिंतीवर चढाय लागल्या की!" अण्णा शेजारी येऊन बसले. जत्रेतला 'मौत का कुआँ' त्यांना आठवला असावा.

मी ऐटीत समजावू लागले. सपाट वळणावर गाडीला धरून ठेवतं ते फक्त टायरचं घर्षण. कड उचलली की रस्ताच गाडीला आत ढकलतो, म्हणून वेग जास्त ठेवता येतो. तिसऱ्या वळणात तळाशी कल कमी, वर जावं तसा वाढत जातो. खालून गेलं तर वाट जवळची, पण वेग कमी करावा लागतो. वरून गेलं तर वाट लांबची, पण बाहेर पडताना वेग हाताशी राहतो. शेवटच्या वळणात तर ॲक्सिलरेटर दाबलेलाच. तिथं सारा भार टायरांवर येतो. त्यातून वारा टेकड्यांवरची वाळू ट्रॅकवर आणून टाकतो. नेहमीची वाट जरा सुटली की चाकाची पकड गेलीच!

अण्णा शांतपणे म्हणाले, "घाटातल्या वळणालाबी कड उचललेली असते, पोरी. पण ती ठरलेल्या वेगापुरतीच. माल उंच भरला असला की त्या वेगानंबी गाडी कलंडती. आणि रस्त्यावर वाळू-खडी दिसली, तर ब्रेक वळणाच्या आधी मारायचा. वळणात मारला की संपलं."

मी गप्प झाले. जे मी वाचून आणि पडद्यावर पाहून बोलत होते, ते सातवी शिकलेले अण्णा २२ वर्षं रात्री-अपरात्री, धुक्यात, पावसात दोन्ही हातांनी करीत आले होते. त्या शर्यतवीरांभोवती हजारोंची गर्दी होती. अण्णांच्या वळणावर टाळी वाजवायला कोण होतं? त्यांच्या त्याच फेऱ्यांवर माझी फी भरली जात होती, आणि मला त्यांचं काम कागदावर लिहायची लाज वाटली होती!

पुढे शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची वेळ आली. तोच रकाना, तेच पेन. या खेपेला मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'ट्रकचालक'.