बंद मागांची शेड

भिवंडीजवळच्या वळ गावची भातशेती जाऊन गोदामं उभी राहिली. तिथून भिवंडीत आलो आणि मालकाला विचारून यंत्रमागाच्या एका बंद शेडमध्ये शिरलो. माग कधीच भंगारात गेलेत. जमिनीत बोल्टांची भोकं आणि तेलाचे काळे डाग तेवढे उरलेत. कोपऱ्यात एक धोटा सापडला. आतल्या कांडीवर अजून सूत होतं.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि विणकामाचा मोठा ओघ भिवंडीकडे आला. गिरणगावावर निदान पुस्तकं झाली, नाटकं झाली. इथं बारा-बारा तासांच्या पाळ्या केलेल्यांचं कोण लिहिणार? शेड पडण्याआधी त्यांना गाठून बोलतं करायलाच हवं.