एकसष्टचा पाढा

पाढ्यांवर माझी फार भक्ती. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकला आटोपले. पण त्या शिदोरीतले पाढे काही अजून शिळे झालेले नाहीत. कर्जतच्या शाळेत मी पोरांकडून ते वर्षानुवर्षे घोकून घेत आलो आहे. तिसापर्यंत पाढे आले की संसारात अडत नाही, असे आमच्याकडची वडीलधारी माणसे म्हणत. तिसाच्या पुढचा एक पाढा मात्र माझ्याच एका विद्यार्थ्याने मला शिकवला, आणि तोही सातासमुद्रापलीकडून. तो पाढा एकसष्टचा!

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन हा मुलगा २०२४ च्या सप्टेंबरात कॅनडातल्या सस्कॅचेवन विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ १९०७ साली स्थापन झालेले, सॅस्कटून शहरात नदीकाठी वसलेले. तिथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. "गुरुजी, दुष्काळी तालुक्यातून निघालो आणि त्याहून कोरड्या मुलखात येऊन पडलो," असे त्याने पोहोचताच कळवले.

पण तो कोरडा मुलूख शहाणा निघाला. नुसत्या गव्हावर भागेना, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी मसूर धरला. या विद्यापीठात १९७१ साली पीकसंशोधनाचे केंद्र निघाले आणि त्याने मसुराचे वाणामागून वाण काढून दिले. आज कॅनडाचा बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो, आणि त्यातला पुष्कळसा भारतात येतो. आपल्या वाण्याच्या दुकानातली डाळ जिथून निघते, तिथेच आमचा मुलगा पिकांचा अभ्यास करू लागला, याची मला मोठी मौज वाटली.

त्याला नवल वाटे ते वर्गाचे. प्राध्यापकांना चक्क नावाने हाक मारायची! याच्या तोंडून ते नाव निघेना. एकदा कुणी तरी प्रश्न विचारला, तेव्हा प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक नाही, आपण शोधू." त्या रात्री पोराने मला मुद्दाम फोन करून हे सांगितले. जानेवारीत पारा उणे तीसवर उतरला. तिथे रात्री मोटारींना विजेची तार जोडून ठेवतात, नाही तर सकाळी इंजिन हलत नाही. "आपण म्हशी दावणीला बांधतो ना गुरुजी, तशा उभ्या असतात," तो म्हणाला.

आता पाढ्याकडे येतो. त्या वर्षी नियम असा होता, की फी आणि प्रवासखर्च सोडून नुसत्या राहण्याजेवण्यासाठी विद्यार्थ्याने २०,६३५ डॉलर दाखवावेत. डॉलर तेव्हा एकसष्ट रुपयांच्या घरात. म्हणजे झाले साडेबारा लाख! बँकेचे कर्ज निघाले आणि वडिलांच्या सातबाऱ्यावर बोजा चढला. तो बोजा घेऊनच पोरगा विमानात बसला. मग फ्लॉवरचा गड्डा पाच डॉलरला दिसला की हा मनात म्हणे, तीनशे पाच. केस कापायला पंचवीस डॉलर, म्हणजे दीड हजाराच्या वर! त्याने आपले केस आपणच कापले. फोटोत ते अर्धवट तोडलेल्या उसाच्या फडासारखे दिसत होते.

इकडे वडीलही तोच पाढा म्हणत. पोराला एका दुकानात तासाला पंधरा डॉलर मिळत. पंधरा एकसष्टे नऊशे पंधरा! नियमाप्रमाणे सत्र चालू असताना आठवड्याला चोवीस तास काम करता येई. म्हणजे आठवड्याला बावीस हजार. पारावर हा आकडा फिरला आणि लोक त्यांना आदराने जागा देऊ लागले. मुलाने पाढा खर्चाला लावला, बापाने कमाईला लावला. पाढा एकच.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "एवढं मिळवतो, तर गुरुजी, हप्त्यापुरतं तरी पाठवायला नको का?" त्यांच्या खिशात कांद्याची पट्टी होती. तिच्या पाठीमागे मी आकडे मांडले. चार आठवड्यांचे चौदाशे चाळीस. त्यातून खोलीचे साडेपाचशे, बस आणि फोनचे शंभर, जेवणाचे तीनशे. उरले ते फीच्या तोंडी. ते लगेच तीनशेला एकसष्टने गुणू लागले. मी म्हटले, "दादा, गुणू नका. पाचने भागा. पाच डॉलरला एक फ्लॉवर."

शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. "साठ गड्डे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "म्हणजे दिवसाला दोन. आणि दूध, पीठ, तेल, सगळं त्यातच?"

मी मान हलवली. त्यांनी पट्टीची घडी घातली आणि न बोलता निघून गेले.

सॅस्कटूनचे घड्याळ आपल्यामागे साडेअकरा तास. इथे दिवेलागण होते तेव्हा तिथे सकाळ उजाडलेली असते, आणि तीच त्यांची फोनची वेळ. पूर्वी पहिला प्रश्न असे, "तास किती भरले?" त्या दिवसापासून तो झाला, "काय खाल्लंस?"

पुढे मे महिन्यात बर्फ सरल्यावर पोराने मला कळवले, "गुरुजी, आज मित्रांबरोबर कॉफी घेतली आणि घरी येईपर्यंत गुणाकार आठवलाच नाही." मला बरे वाटले. थोडी हुरहूरही लागली. कारण त्या पाढ्याच्या दुसऱ्या टोकाला कर्जत होते. सातबाऱ्यावरचा बोजा अजून उतरलेला नाही. पण तो किती जड आहे, हे आता बापलेक दोघांनाही सारखेच कळते.