मारोतीच्या गावचे रोडगे

नागपूरहून सावनेर मागे टाकलं की सौंसरच्या अलीकडेच राज्य बदलतं. पाट्या हिंदी होतात. चहाच्या टपरीवरची मराठी मात्र तशीच, कपाशीची शेतं आणि संत्र्याच्या बागाही त्याच. देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८५४मध्ये इंग्रजांनी त्यांचं राज्य खालसा केलं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचाच पांढुर्णा जिल्हा झाला.

सौंसरजवळच्या जामसांवलीचा मारोती पिंपळाखाली आडवा निजलेला आहे. त्याच्या नाभीतून पाझरणारं पाणी तीर्थ म्हणून घ्यायला मंगळवार-शनिवारी दुरून माणसं येतात. दर्शन झालं आणि मी धुराच्या वासामागे निघाले. जवळच्या शेतात एका कुटुंबाचा नवसाचा स्वयंपाक चालला होता.

रोडगे बायका लाटत होत्या, पण आर सांभाळायला पुरुष बसले होते. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. लहान लहान पाऱ्या तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या आरात सोडायचा. घाई केली तर वरून करपतो, आत कच्चा राहतो. म्हणून एक म्हातारे आजोबा काठीने एकेक गोळा फिरवत होते. त्यांचं दुसरीकडे लक्षच नव्हतं. शेजारच्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, तर्रीचा लाल थर वर आलेला.

"जेवून जा ना जी, मारोतीचा सैपाक हाय," एका बाईंनी बसायला पोतं अंथरलं.

फडक्याने राख पुसून रोडगा फोडला की पदर सुटतात. त्यावर तूप, मग वरण, मग वांग्याचा रस्सा. कळमेश्वर-काटोलकडच्या पंगतीत मी हेच जेवले आहे, याच क्रमाने. राज्यांच्या नकाशांनी इथल्या ताटाला हात लावलेला नाही, आणि याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता इथे 'हनुमान लोक' हे मंदिर-संकुल उभं राहतं आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण त्या दगडी आवारालगत गोवऱ्या पेटवायला मोकळी जागा राखून ठेवावी, असं मी आग्रहाने म्हणेन. रोडगा गॅसवर होत नाही.